विश्लेषण : नाना फडणवीसांचे दप्तर आणि आजची डेटा फाइल यांत साम्य काय?

मोबाइलवर जुनी फाइल उघडली आणि मजकुराऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसली, असा अनुभव अनेकांना आला असेल. अशा वेळी फाइल शाबूत असते. ती कोणत्या पद्धतीने लिहिली गेली, हे वाचणाऱ्या ॲपला ठाऊक नसते, एवढेच. माहिती लिहून ठेवणे आणि ती नंतर जशीच्या तशी वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकाच्या कितीतरी आधी मराठी राज्याचा कारभार याच दोन गोष्टींवर उभा होता आणि तो सांभाळण्याचे काम साताऱ्यात जन्मलेल्या एका माणसाकडे होते. नाना फडणवीस मुत्सद्दी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे मूळ काम मात्र नोंदी ठेवण्याचे होते. त्यांचे आयुष्य आणि त्यांचे दप्तर यांतून डेटा फाइल म्हणजे काय, हे कसे उलगडते?

फडणवीस म्हणजे नेमके कोण?

फडणवीस हे आज आडनाव असले, तरी मुळात ते पद होते. फारसीतील फर्द म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी आणि नवीस म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसाचे फडणवीस झाले. राज्याची जमा, खर्च, नेमणुका, इनामे, सनदा आणि हुकूम यांची नोंद ठेवणारा हा अधिकारी. त्याच्या नोंदीशिवाय हुकूम पक्का होत नसे आणि पैसाही हलत नसे.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे कोकणातले, वेळासचे. त्यांचे आजोबा बाळाजी महादजी भानू हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यासोबत दिल्लीला गेले होते. १७१९ मध्ये तिथल्या दंगलीत ते मारले गेले. त्यानंतर फडणिशी भानू घराण्याकडे राहिली. छत्रपती शाहू महाराजांची राजधानी असलेल्या साताऱ्यात १२ फेब्रुवारी १७४२ रोजी नानांचा जन्म झाला. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि अवघ्या चौदाव्या वर्षी घराण्याचे पद नानांकडे आले.

पानिपतावर काय घडले?

सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेची तीर्थयात्रा घडावी म्हणून नाना आई आणि पत्नीला घेऊन निघाले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा पराभव झाला, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले. नाना वेश टाकून, पायी, उपाशीपोटी जीव वाचवत निसटले. पत्नी वाचली. आई मात्र या धावपळीत कायमची गेली.

या काळाची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हे आत्मवृत्त छोटे आहे आणि अर्धवट राहिले आहे. आपली भीती आणि आपले दोष त्यात त्यांनी लपवलेले नाहीत. मराठी गद्यातल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. हजारो माणसे त्या दिवशी आपापल्या आठवणींसह संपली. ज्यांनी लिहून ठेवले, त्यांचेच पानिपत पुढच्या पिढ्यांना वाचता आले.

आजच्या प्रोग्रॅमरला हा मुद्दा लगेच कळेल. प्रोग्रॅम चालू असताना माहिती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. प्रोग्रॅम बंद पडला किंवा वीज गेली की ती पुसली जाते. टिकवायची असेल, तर ती वेळेत फाइलमध्ये लिहावी लागते.

पेशव्यांचे दप्तर चालायचे कसे?

पुण्यातील हुजूर दप्तराचे दोन मोठे भाग होते. पहिला चालते दप्तर. रोजच्या कामाचे कागद यात असत आणि ते फडणवीस किंवा त्यांच्या दुय्यमाजवळ राहत. दुसरा एकबेरीज दप्तर. रोजची गरज संपलेले सर्व हिशेब इथे येत आणि हा भाग कायम पुण्यातच असे.

चालत्या दप्तरात तीन शाखा होत्या. फड या शाखेतून सनदा आणि हुकूम निघत, हिशेब येत आणि रोजकीर्द लिहिली जाई. बेहेडा शाखा गावांच्या आणि परगण्यांच्या हिशेबांवरून जमाखर्चाचा अंदाज बांधत असे. सरंजाम शाखेकडे सरंजाम आणि इनाम जमिनींची नोंद होती. एकबेरजेत कागद तारखेप्रमाणे लागत. त्यांवरून जमाखर्चाचा गोषवारा निघे, त्याला तर्जुमा म्हणत. खातेनिहाय नोंदीसाठी खतावणी असे.

नानांच्या काळात या दप्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करत होते. दप्तराची शिस्त त्यांच्याच कारकिर्दीत सर्वांत कडक झाली. एखाद्या गावाचा वसूल किती, सरदाराने किती स्वार ठेवायचे आणि प्रत्यक्षात किती आणले, कोणाचे इनाम कोणत्या सनदेने चालते, हे बसल्या जागी काढता येत असे. फौजेचे नेतृत्व नानांनी कधी केले नाही. त्यांचे वजन होते ते या माहितीवर आणि ठिकठिकाणच्या वकिलांकडून, बातमीदारांकडून येणाऱ्या पत्रांवर.

हे दप्तर आणि आजची डेटा फाइल यांत साम्य काय?

जावा, पायथन, सी प्लस प्लस यांसारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांत माहिती साच्यात बांधतात. या साच्याला क्लास म्हणतात. सनद हा एक क्लास मानला, तर देणारा, घेणारा, गाव, जमीन, अटी आणि तारीख हे त्याचे रकाने. एका विशिष्ट माणसाला मिळालेली सनद म्हणजे त्या साच्यातून तयार झालेला एक ऑब्जेक्ट. त्या सनदेवर काय करता येते, म्हणजे ती नवी करून देणे, जप्त करणे किंवा वारसाच्या नावे लावणे, हे त्या क्लासचे नियम. माहिती आणि तिच्यावर चालणारे नियम एकत्र बांधणे हा या भाषांचा गाभा आहे.

हा ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहिताना त्याचे रकाने ठरलेल्या क्रमाने एकापाठोपाठ एक मांडावे लागतात. याला सीरियलायझेशन म्हणतात. वाचताना त्याच क्रमाने रकाने उचलून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करायचा असतो. लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा साचा एकच हवा. लिहिताना आधी गाव आणि मग रक्कम असेल आणि वाचताना क्रम उलटा धरला, तर गावाच्या जागी आकडा येतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

फाइल उघडण्याचेही प्रकार आहेत. नुसती वाचायची, नव्याने लिहायची की आहे त्यात शेवटी भर घालायची, हे आधीच सांगावे लागते. नव्याने लिहायची म्हणून उघडली की जुना मजकूर पुसला जातो. नवशिक्यांची हमखास होणारी चूक हीच. रोजकीर्द हा भर घालण्याचा प्रकार होता. कालच्या नोंदीखाली आजची नोंद येई, मागची खोडली जात नसे. आज बँकेच्या व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलही याच तत्त्वावर चालतात.

काम संपले की फाइल बंद करावी लागते. तसे केले नाही, तर शेवटचा मजकूर तात्पुरत्या जागेतच अडकून हरवू शकतो. पत्राचा शेवट पक्का करण्याची सोय मराठी दप्तरातही होती. मजकूर संपला की लेखनसीमेचा शिक्का उठवला जाई आणि मोर्तब सुद अशी खूण होई. त्यापुढे कोणी ओळ वाढवली, तर ती खोटी हे लगेच कळत असे.

तारखेत अडचण कोणती?

दप्तरातले साल बहुधा शुहूर सनाचे असते. हे साल जूनच्या सुरुवातीला, सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलते. आकडे अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने लिहिले जात. पानिपतच्या लढाईचे साल इहिदे सितैन मया व अलफ असे होते. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. जून ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणून जानेवारीतील पानिपतचे साल १७६१ येते.

संगणकातही हीच गंमत आहे. काही यंत्रे मोठ्या संख्येचा लहान भाग आधी साठवतात, काही मोठा भाग आधी. एका पद्धतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या पद्धतीने वाचली, तर संख्या भलतीच निघते. दप्तरातल्या महिना आणि चंद्र या नोंदी हिजरी महिन्यांच्या, साल मात्र सूर्यावर चालणारे. त्यात अनेक खासगी पत्रांत साल लिहिलेलेच नसते. मोडी अक्षर लागले, तरी हा साचा ठाऊक नसलेल्या वाचकाला पत्र कोणत्या वर्षाचे हे सांगता येत नाही.

नानांनी सत्ता कशी सांभाळली?

माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंत नाना होते. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार सुरू झाला. चुलतभाऊ मोरोबा फडणवीस यांनी केलेला उठाव मोडून नाना मुख्य कारभारी झाले.

इंग्रजांशी चाललेले युद्ध १७७९ मध्ये वडगावला त्यांच्या माघारीपर्यंत आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहापर्यंत पोहोचले. रणांगणावर महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि पटवर्धन सरदार होते. पुण्यात बसून त्या सर्वांना पैसा, रसद आणि बातमी पुरवणारे नाना होते. ११ मार्च १७९५ रोजी निजामाविरुद्ध खर्ड्याची लढाई जिंकली, तेव्हा सेनापती होते तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन.

नोंदी असूनही चूक कुठे झाली?

नानांच्या कारभारावरचा मोठा डाग घाशीराम कोतवालाचा आहे. पुण्याचा हा कोतवाल नानांच्या मर्जीतला. १७९१ मध्ये त्याच्या चौकीवर कोंडलेल्या तैलंग ब्राह्मणांपैकी अनेकांचा गुदमरून मृत्यू झाला. शहर खवळले आणि नानांना घाशीरामाला लोकांच्या हवाली करावे लागले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

हिंदुस्थानभरच्या दरबारांची बातमी राखणाऱ्या कारभाऱ्याच्या स्वतःच्या शहरात हे घडले. कोतवालीचे हिशेब दप्तरात येत होते, पण सामान्य माणसाची तक्रार त्या रकान्यांत बसत नव्हती. साचा कितीही चोख असला, तरी ज्या गोष्टीला त्यात रकानाच ठेवलेला नाही, ती गोष्ट फाइलमध्ये येत नाही. डेटावर काम करणाऱ्यांना ही अडचण आजही चुकलेली नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. परशुरामभाऊ पटवर्धन आणि नाना यांचे फाटले. भाऊंनी चिमाजीअप्पांना पेशवेपदी बसवले. नाना वाईकडे सरकले आणि तिथून घाट उतरून महाडला गेले. फौज हाती नव्हती. महाडहून त्यांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्याशी पत्रांच्या आधारे संधान बांधले आणि डाव उलटवला. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हा कारभारी.

हे फार टिकले नाही. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या गोटातून नानांना दगाबाजीने कैद करण्यात आले आणि नगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. जुलै १७९८ मध्ये सुटका झाली, पण शरीर खचले होते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुलगा नव्हता. मागे राहिल्या अल्पवयीन पत्नी जिऊबाई. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नानांनी बांधलेला सहा चौकांचा वाडा होता आणि तिथे होते कागदांचे गठ्ठे.

नानांनंतर दप्तराचे काय झाले?

दुसऱ्या बाजीरावांच्या काळात हुजूर दप्तराची दुर्दशा झाली. कारकून कमी झाले, हिशेब वेळेवर चढेनासे झाले आणि लोक कागद उचलून नेऊ लागले. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा हा संग्रह इंग्रजांच्या ताब्यात गेला. नव्या सरकारला त्यात इतिहासाहून महसुलाची ओढ होती. १८५२ मध्ये इनाम कमिशनचा कायदा आला. तुमचे इनाम कोणत्या कागदाने चालते, ते दाखवा, असा प्रश्न इनामदारांना विचारला गेला. ज्यांच्या सनदेची नोंद मिळाली, त्यांची जमीन टिकली. ज्यांचा कागद हरवला किंवा दप्तराशी जुळला नाही, त्यांच्यापैकी अनेकांवर पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन गमावण्याची वेळ आली. कोणा कारकुनाने अर्ध्या शतकापूर्वी ओळ लिहिली होती की नाही, यावर घरे उभी राहिली किंवा बसली.

मिरज आणि साताऱ्याने काय वाचवले?

पत्राची प्रत दोन ठिकाणी असते. लिहिणाऱ्याकडे नोंद राहते आणि घेणाऱ्याकडे मूळ पत्र. पटवर्धन सरदारांचे कारकून आणि वकील पुण्याहून आणि छावणीतून सतत मिरजेला बातमीपत्रे धाडत. त्यामुळे नानांच्या काळातल्या घडामोडींची एक समांतर नोंद आजच्या सांगली जिल्ह्यात तयार झाली. संगणकाच्या भाषेत हा बॅकअप होय, तोही दुसऱ्या गावी ठेवलेला.

तो वाचला वासुदेवशास्त्री खरे यांनी. गुहागरला १८५८ मध्ये जन्मलेल्या खरेशास्त्रींनी साताऱ्याला अनंताचार्य गजेंद्रगडकरांजवळ संस्कृतचे अध्ययन केले. पुण्यात काही काळ शिकवून ते मिरजेच्या हायस्कूलमध्ये संस्कृतचे शिक्षक झाले. १८९२ मध्ये त्यांनी नाना फडणवीसांचे चरित्र लिहिले. पुढे पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रे एकेक करून वाचली, काळ ठरवला, बालबोधीत उतरवली आणि १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह या नावाने छापायला सुरुवात केली. पत्रांआधी त्या काळाची हकीकत सांगणारी प्रस्तावना ते जोडत. ११ जून १९२४ रोजी ते वारले, तोवर १२ भाग निघाले होते. पुढचे भाग त्यांच्या मुलाने काढले. शाळेची नोकरी सांभाळून केलेले हे काम म्हणजे एका जुन्या फॉरमॅटमधून नव्या फॉरमॅटमध्ये केलेले रूपांतरच होते.

इकडे साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीचे कागद मिळवले आणि आपल्या संग्रहात जपले. त्यांच्या संग्रहालयातला ठेवा १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला.

आज स्थिती काय आहे?

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातून ४५ खंडांची निवड प्रसिद्ध केली. एकूण साठ्यापुढे ती लहानच आहे. कागदांची छायाचित्रे काढून ठेवता येतात, पण छायाचित्र म्हणजे वाचलेला कागद नव्हे. संगणकाच्या दृष्टीने ते नुसते ठिपके असतात. त्यातून गाव, नाव, रक्कम आणि तारीख वेगळी काढून रकान्यांत भरली, तरच शोध घेता येतो. त्यासाठी मोडी, शुहूर सन आणि दप्तराची परिभाषा जाणणारा माणूस लागतो. अशी माणसे थोडी आहेत.

शिवाय डिजिटल साठाही आपोआप टिकत नाही. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी फाइल वीस-पंचवीस वर्षांतच वाचेनाशा झाल्या, कारण त्या फाँटची मांडणी सोबत जपली गेली नाही. म्हणून आज फाइल साठवताना चार गोष्टी पाळायला सांगितले जाते. अक्षरे यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत ठेवावीत. प्रत्येक रकान्याचे नाव आणि अर्थ फाइलसोबतच लिहावा. तारखेची पद्धत एकच ठेवावी. आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. नानांची कारकीर्द आज इतक्या तपशिलाने सांगता येते, ती पुण्याबरोबरच मेणवलीला आणि मिरजेलाही कागद राहिले म्हणून आणि ते वाचणारे भेटले म्हणून.